ती खोली बंद करू नका

गेल्या महिन्यात आमच्या धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत एक विषय आयत्या वेळी पुढे आला. चर्चच्या आवारातील शाळेत, तळमजल्यावरच्या एका वर्गात, आठवड्यातून दोन संध्याकाळी ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या समूहाची सभा भरते. लोक तिला ‘एए’ची मीटिंग म्हणतात. ही सभा दुसरीकडे हलवावी, अशी सूचना एका ज्येष्ठ सदस्याने मांडली. कारणे तीन देण्यात आली. एक, मुलाबाळांच्या शाळेत दारुड्यांची वर्दळ शोभत नाही. दोन, परगावचे लोक येथे येतात आणि त्यामुळे आपल्या धर्मग्रामाचे नाव खराब होते. तीन, ज्याला दारू सोडायची आहे त्याच्यासाठी प्रायश्चित्त संस्कार आहे, तपसाधना आहे, नोव्हेना आहे; मग या बाहेरच्या सभेची गरज काय?

कोणी विरोध केला नाही. दोघातिघांनी मान डोलावली. सूचना मांडणारे गृहस्थ सज्जन आहेत, सेवाभावी आहेत, आणि त्यांच्याविषयी व्यक्तिशः मला काहीही म्हणायचे नाही. त्या सूचनेविषयी मात्र मला पुष्कळ म्हणायचे आहे. हीच सूचना उद्या कोणत्याही धर्मग्रामात पुढे येऊ शकते. म्हणून ते मी येथे, चार कुटुंबांच्या देखत, म्हणत आहे.

आरंभ माझ्या स्वतःच्या अपराधापासून करतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक मनुष्य माझ्याकडे वारंवार येत असे. हाताचा कुशल कारागीर, स्वभावाने गरीब, आणि संध्याकाळ झाली की दारूच्या स्वाधीन. त्याची पत्नी त्याला घेऊन येई आणि म्हणे, “फादर, तुम्ही सांगा यांना. तुमचं ऐकतील.” मी सांगितले. तीन वेळा मी त्याला वेदीपुढे गुडघे टेकायला लावून शपथ दिली. पहिली शपथ साडेतीन महिने टिकली, दुसरी पाच आठवडे आणि तिसरी नऊ दिवस. तिसऱ्यांदा शपथ मोडल्यावर तो यायचा बंद झाला. देवापुढे घेतलेली शपथ मोडलेल्या माणसाने तोंड कसे दाखवावे, असे त्याला वाटत होते, हे मला त्याच्या पत्नीकडून कळले. परंतु ते कळले त्याच्या अंत्यविधीनंतर. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्याचे यकृत निकामी झाले होते.

ज्या दिवसांत मी त्याला शपथा देत होतो, त्याच दिवसांत माझ्या सॅक्रिस्टीच्या दारापासून ऐंशी पावलांवर, शाळेच्या त्या वर्गात, त्याच्यासारखीच पंधरावीस माणसे आठवड्यातून दोनदा एकत्र बसत होती. त्यांतील कोणी दहा वर्षे, कोणी दहा दिवस दारूविना काढले होते. वर्गाची किल्ली माझ्याच टेबलाच्या खणात असे. आणि मी त्या माणसाला एकदाही म्हणालो नाही, “चल, मी तुला तेथवर सोडतो.” का म्हणालो नाही? ते काम माझे आहे, ते माझ्या वेदीपुढेच व्हावे, असा एक सूक्ष्म अहंकार माझ्या मनात होता. आज आपल्यापैकी कोणी ती खोली बंद करा म्हणतो तेव्हा मला त्याचा राग येत नाही; मी स्वतः तिचे दार एका माणसापुरते बंद ठेवले होते, एवढेच आठवते.

आता त्या तिसऱ्या कारणाकडे वळतो, कारण पहिल्या दोन कारणांना धार्मिकतेचे वस्त्र त्यानेच पांघरले आहे. प्रार्थना पुरेशी नाही काय? प्रार्थनेला कमी लेखण्यासाठी मी धर्मगुरू झालो नाही. परंतु क्षयरोग झालेल्या माणसाला आपण केवळ नोव्हेना सांगत नाही. नोव्हेनाही सांगतो आणि दवाखान्यातही नेतो. मद्यपाश हा आजार आहे, अशी भूमिका अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 1956 सालीच घेतली. या आजाराचे लक्षणच असे की, पहिला घोट घेणे न घेणे काही काळ माणसाच्या हाती असते. पण तो घोट पोटात गेल्यावर पुढचे काही त्याच्या हाती राहत नाही. अशा माणसाला “मनाचा निश्चय कर” असे सांगणे म्हणजे पाय मोडलेल्याला “नीट चाल” असे सांगणे आहे. एवढेच नव्हे, तर वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने शपथ घेऊन एका रात्रीत पिणे थांबवले, तर हातापायांना कंप सुटणे, झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार घडतात आणि त्यात मृत्यूही येऊ शकतो. अशा माणसाला आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवावे लागते. मी दिलेल्या त्या तीन शपथांच्या वेळी हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक करून घेणे माझे कर्तव्य होते.

काही वाचक डब्लिनच्या मॅट टॅलबटचे उदाहरण पुढे करतील. 1884 साली त्या मजुराने शपथ घेतली आणि 1925 साली मरेपर्यंत चाळीस वर्षांहून अधिक काळ पाळली. 1975 साली ख्रिस्तसभेने त्याला ‘पूजनीय’ ही पदवी दिली. त्याला कोणती मीटिंग होती? नव्हती, हे खरे. एएचा जन्मच त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी झाला. परंतु त्याची पहिली शपथ आयुष्यभराची नव्हती, तीन महिन्यांची होती, आणि ती पाळण्यासाठी तो रोज पहाटे मिस्साला जाऊन बसत असे. रिकामी झालेली संध्याकाळ कशाने तरी भरावी लागते, हे त्याला कळले होते. आपण शपथ देतो आणि माणसाला त्याच जुन्या संध्याकाळीत परत पाठवतो.

एएच्या आरंभाची कथा आपल्या वाचकांनी मुद्दाम जाणून घ्यावी अशी आहे. मे 1935 मध्ये न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा शेअर दलाल धंद्याच्या कामासाठी ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन या शहरात आला होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. काम फिसकटले. हॉटेलच्या एका टोकाला बारमधील हसण्याखिदळण्याचा आवाज आणि दुसऱ्या टोकाला टेलिफोन. आपण पुन्हा पिणार, हे त्याला कळून चुकले. आपल्यासारख्याच दुसऱ्या एखाद्या पिणाऱ्याशी बोललो तरच आपण वाचू, असे त्याला वाटले, आणि असा मनुष्य शोधण्यासाठी त्याने शहरातील चर्चच्या यादीतून एका पाळकाला फोन लावला. तो पाळक एपिस्कोपल पंथाचा होता. त्याने हात झटकले नाहीत. काही नावे दिली. त्यांतूनच दुसऱ्या दिवशी विल्सनची आणि डॉक्टर बॉब स्मिथ या मद्यासक्त शल्यविशारदाची भेट झाली. डॉक्टर बॉब यांनी शेवटचा घोट घेतला तो 10 जून 1935चा दिवस एएचा जन्मदिवस मानला जातो. एका अनोळखी दारुड्याचा फोन आला असता त्या पाळकाने “आमच्या चर्चचे नाव खराब होईल” असे म्हटले असते तर?

“पण ही चळवळ कॅथलिक नाही,” असे मला सांगण्यात येते. नाही, ती कोणत्याच पंथाची नाही. तिची पहिली पाळेमुळे प्रॉटेस्टंट मंडळींत आहेत. तरीही तिला आधार देणाऱ्या पहिल्या हातांत आपले हात होते. अ‍ॅक्रनच्या सेंट थॉमस या कॅथलिक रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया या धर्मभगिनीने 1939 सालापासून डॉक्टर बॉब यांच्या मद्यासक्त रुग्णांना दाखल करून घेतले. रुग्णालये त्या काळी अशा रुग्णांना दार उघडत नसत. म्हणून सिस्टरने पहिल्या रुग्णाच्या कागदावर ‘तीव्र जठरदाह’ असे निदान लिहिले आणि त्याला फुले ठेवण्याच्या छोट्या खोलीत झोपवले. पुढे घरी जाणाऱ्या रुग्णाला ती पवित्र हृदयाचे पदक देई आणि बजावून सांगे की, पुन्हा प्यायची वेळ आली तर आधी हे पदक मला परत आणून दे. 1940च्या हिवाळ्यात सेंट लुईसचे येशूसंघीय धर्मगुरू एडवर्ड डाउलिंग बिल विल्सनला भेटायला गेले. एएच्या बारा पायऱ्या आणि संत इग्नाशियसची आध्यात्मिक साधना यांतील साम्य त्यांच्या ध्यानी आले होते. फादर स्वतः मद्यासक्त नव्हते. तरीही त्यांची विल्सनशी मैत्री अखेरपर्यंत टिकली.

भारतात ही चळवळ 1957 साली आली. आपल्या मुंबईतच 1981 साली वांद्र्याच्या फादर ज्यो परेरा यांनी ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. आपण स्वतः मद्यपाशात होतो, हे त्यांनी कधी लपवले नाही, आणि बारा पायऱ्यांना त्यांनी आपल्या कार्यात मानाचे स्थान दिले. एका धर्मगुरूने उजळ माथ्याने हे सांगावे आणि आपण आपल्या घरातला एक भाऊ लपवावा, हे विसंगत नाही काय?

त्या वर्गात नेमके काय चालते, हेही सांगतो. कारण न पाहता बोलणारे पुष्कळ आहेत. तासदीड तासाची सभा. एकजण ती चालवतो. जो बोलेल तो आपले पहिले नाव सांगतो, आपण मद्यासक्त आहोत असे म्हणतो आणि स्वतःची हकीगत सांगतो. दुसरा कोणी मध्ये बोलत नाही, उपदेश करीत नाही, उलटतपासणी घेत नाही. शेवटी एक छोटी प्रार्थना आणि चहा. सभासद होण्यासाठी फी नाही, अर्ज नाही. दारू थांबवण्याची इच्छा एवढीच अट. खर्च सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागवतात आणि बाहेरच्यांच्या देणग्या घेत नाहीत. आमच्या शाळेला ते दरमहा भाडे देतात आणि बाके झाडून जातात. नव्याने आलेल्याला सांगितले जाते की, आयुष्यभराचा विचार करू नकोस, आजचा एक दिवस पिऊ नकोस. त्याला फोन नंबर दिले जातात. रात्री अकरा वाजता तलफ आली तर फोन उचलणारा कोणीतरी असतो. मी, तुमचा धर्मगुरू, रात्री अकरा वाजता झोपलेला असतो.

‘ईश्वर, जसा मला उमगला तसा’ ही त्यांची भाषा काहींना खटकते. तिच्यात ख्रिस्ताचे नाव कोठे आहे, असे ते विचारतात. जेरीको रस्त्यावर पडलेल्या माणसाला उचलणारा शोमरोनीही आपल्या पंथाचा नव्हता. याजक बाजूने निघून गेला होता. ही गोष्ट प्रभूने कोणाला उद्देशून सांगितली, ते मी दरवर्षी प्रवचनात सांगतो. शिवाय बारा पायऱ्यांतील पाचवी पायरी वाचून पाहा: आपल्या चुकांचे नेमके स्वरूप देवापुढे, स्वतःपुढे आणि दुसऱ्या एका माणसापुढे कबूल करणे. त्या पायरीवर पोहोचल्यावर कित्येक वर्षांनी माझ्याकडे पापनिवेदनाला आलेली माणसे मी पाहिली आहेत. ती सभा माझ्या वेदीची प्रतिस्पर्धी नाही. वेदीकडे परतण्याची वाट तिच्या दारावरून जाते.

आता पहिली दोन कारणे. दारुड्यांची वर्दळ! बंधुभगिनींनो, त्या वर्गात येणारी माणसे आपल्या आवारातील सर्वांत शुद्धीवर असलेली माणसे आहेत. दारूची खरी वर्दळ पाहायची असेल तर आपल्या लग्नांत पाहा. हळदीच्या रात्री किती पेट्या आल्या, यावर यजमानाची प्रतिष्ठा मोजली जाते. बाप्तिस्म्याला, घराच्या आशीर्वादाला, इतकेच काय, मयताच्या घरी आलेल्यांनाही पेला दिला जातो. ज्या कारागिराविषयी वर लिहिले, त्याच्या दफनानंतर त्याच्याच अंगणात बाटल्या उघडल्या गेल्या. दारूने मेलेल्या माणसाच्या शोकासाठी दारू! आणि आमच्या सणाच्या जत्रेत सोडतीचे दुसरे बक्षीस काय होते? विदेशी व्हिस्कीची बाटली. ती सोडत शाळेच्या पटांगणात, मुलांच्या देखत निघाली. तेव्हा शाळेची शोभा गेली नाही, धर्मग्रामाचे नाव खराब झाले नाही. बाटलीला पटांगण चालते आणि बाटली सोडलेल्याला मागचा वर्गही चालत नाही, हा कोणता न्याय?

मी मद्याला पाप म्हणत नाही. काना गावच्या लग्नात प्रभूने काय केले, ते मलाही ठाऊक आहे. ख्रिस्तसभा अतिरेकाला पाप म्हणते, द्राक्षारसाला नव्हे. परंतु काना गावी, “घे रे, एका पेगाने काय होते,” असे म्हणत कोणी कोणाचा हात पिरगाळला नव्हता. आपल्याकडे न पिणाऱ्याला बायल्या म्हणतात आणि पिऊन पडलेल्याला दारुडा. या दोन शब्दांमध्ये माणसाने उभे राहायचे कोठे?

आणि मग घर. झाकली मूठ सव्वा लाखाची, या म्हणीने आपल्या समाजात किती जीव घेतले असतील! पत्नी कार्यालयात फोन करून सांगते, “यांना ताप आहे.” आई दुकानाची उधारी गुपचूप फेडते. मुलीचे लग्न ठरायचे आहे म्हणून बापाला मीटिंगला पाठवत नाहीत. कोणी पाहिले तर? जणू तो रस्त्यात पडलेला कोणी पाहिलाच नाही. काही घरांत दारू सोडवण्याच्या गोळ्या त्याच्या नकळत चहात मिसळतात. हे तर अत्यंत धोक्याचे आहे. त्या गोळीवर दारू प्यायल्यास रक्तदाब एकाएकी उतरून जीवावर बेतू शकते; ती गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि घेणाऱ्याच्या संमतीनेच द्यायची असते. आणि जेथे पिणारी स्त्री आहे, तेथे तर मूठ अधिकच घट्ट आवळली जाते. पुरुषाला निदान शिव्या तरी मिळतात. तिला खोलीत कोंडले जाते.

या कुटुंबांसाठीही सभा आहे. ‘अल-अ‍ॅनॉन’ हा समूह 1951 साली विल्सनच्या पत्नीने आणि तिच्या सहकारी स्त्रीने उभा केला. घरातील किशोरवयीन मुलांसाठी ‘अलाटीन’ 1957 साली निघाला. नवऱ्याची दारू मी लावली नाही, ती माझ्या ताब्यात नाही आणि ती बरी करणेही माझ्या हाती नाही, हे तेथे त्या बाईला कळते. त्या कारागिराची विधवा आज अशा सभेला जाते. “फादर, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर,” एवढेच ती एकदा म्हणाली. माझ्यापाशी उत्तर नव्हते.

एए सर्वांना तारते, असे मी म्हणत नाही. काहीजण येतात आणि परत जात नाहीत. काही वर्षांनंतर पुन्हा पितात. काहींना डॉक्टर, मानसोपचार, व्यसनमुक्ती केंद्र यांची आधी गरज असते. एए स्वतःला औषधोपचार म्हणवीत नाही आणि डॉक्टरांच्या विरोधात सांगत नाही. एका समूहात मन रमले नाही तर दुसऱ्यात जाऊन पाहावे. मराठी, हिंदी, कोकणी, इंग्रजी अशा निरनिराळ्या भाषांत सभा चालतात, आणि 2020च्या साथीपासून मोबाइलवरही भरतात. ‘खुली’ सभा कोणालाही ऐकता येते, ‘बंद’ सभा फक्त मद्यासक्तांसाठी असते. म्हणून सोबत जाणाऱ्याने खुल्या सभेचा दिवस विचारून घ्यावा. आणि तो पुरता धुळीस मिळेपर्यंत थांबू नये. “पहिल्यांदा तुझ्याबरोबर मी येतो,” हे वाक्य शंभर उपदेशांहून उपयोगी पडते.

आपण धर्मग्राम म्हणून काय करावे? सभेचे दिवस, वेळ आणि फोन नंबर चर्चच्या फलकावर मिस्सांच्या वेळापत्रकाशेजारी लावावेत. त्या संध्याकाळी पुढचे फाटक उघडे आणि दिवा लावलेला असावा. मात्र कोण आत गेला हे पाहायला कोणी फाटकाशी उभे राहू नये, कारण अनामिकता हा त्या समूहाचा पाया आहे. सोडतीत बाटली नसावी. लग्नात सरबताचा पेला मद्याच्या पेल्याइतक्याच मानाने पुढे यावा. दोन्ही रूपांत ख्रिस्तप्रसाद दिला जातो तेव्हा जो केवळ भाकरीच्या रूपात घेतो, त्याच्याकडे वळून पाहू नये. त्याला पूर्ण ख्रिस्त मिळालेला असतो. मद्यापासून दूर राहावे लागणाऱ्या धर्मगुरूला महागुरूंच्या परवानगीने न आंबलेल्या द्राक्षरसाने मिस्सा अर्पण करता येते, हे रोमने 2003 सालच्या पत्रात पुन्हा स्पष्ट केले. वेदी एवढी सवलत देते. मग आपला मांडव का देत नाही?

धर्मग्राम परिषदेचे मत सल्ल्यापुरते असते. माझा अधिकार वापरून मी तो विषय तेथेच निकालात काढू शकलो असतो. मी तसे केले नाही. माझ्या हुकमाने उघडी राहिलेली आणि तुमच्या नजरांनी बंद केलेली खोली कोणाच्या कामाची? पुढच्या बैठकीत हा विषय पुन्हा येईल. तोपर्यंत परिषदेच्या प्रत्येक सदस्याने एका खुल्या सभेला येऊन मागच्या बाकावर बसावे, अशी मी विनंती केली आहे. सूचना मांडणाऱ्या त्या गृहस्थांना मी स्वतः घरी जाऊन घेऊन येणार आहे. ऐंशी पावले आहेत. एका माणसाबरोबर ती चालायची राहून गेली. आता कोणाबरोबरही राहू नयेत, एवढीच माझी इच्छा आहे.